कापूस वऱ्हाडात, कारखाने इतरत्र

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना १८५३ या सालापासून आरंभ करणे सोयीचे ठरते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात मुंबई ते ठाणे अशी या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. मे महिन्यात हैदराबादच्या निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. आणि ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कच्या एका दैनिकात हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीच्या भवितव्याविषयी कार्ल मार्क्सचा लेख प्रसिद्ध झाला. इंग्रज गिरणीवाले केवळ स्वस्त कापूस बाहेर काढण्यासाठी येथे रेल्वे बांधीत आहेत. परंतु लोखंड आणि कोळसा असलेल्या देशात एकदा यंत्र आले की त्या यंत्राची निर्मिती रोखून धरता येणार नाही, आणि म्हणून रेल्वे ही हिंदुस्थानातील आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल, असे प्रतिपादन त्या लेखात होते.

१८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग अकोला आणि बडनेरा या गावांवरून पूर्ण झाला. त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत वऱ्हाडातून कापसाच्या किती गाठी बाहेर गेल्या याची गणना करणे अवघड आहे. पण अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत टिकून राहिलेल्या कापडगिरण्यांची गणना करायला मात्र एका हाताची बोटेही फार होतात. मग मार्क्सचा अंदाज चुकला काय? देशाच्या संदर्भात तो सर्वस्वी चुकला असे म्हणता येणार नाही, कारण मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, कोइमतूर येथे उद्योग उभे राहिलेच. शिवाय त्याच लेखात त्याने एक अटही घातली होती. ब्रिटनमधील कामगारवर्ग सत्तेवर आल्याखेरीज, अथवा हिंदी जनतेने परकीय जोखड झुगारून दिल्याखेरीज, या नव्या शक्तींची फळे येथील लोकांच्या पदरात पडणार नाहीत, असे त्याने स्पष्ट म्हटले होते. ते जोखड १९४७ साली गेले. तरीही वऱ्हाडचे चित्र फारसे पालटले नाही. तेव्हा प्रश्न असा की, एकच भांडवलशाही एका प्रदेशात कारखाने उभारते आणि दुसऱ्या प्रदेशात केवळ कच्चा माल गोळा करते, हे का घडते?

दोन सोपी आणि चुकीची उत्तरे

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर निसर्गाचे. सूतकताईला दमट हवा लागते, वऱ्हाडची हवा कोरडी, म्हणून गिरण्या समुद्रकिनारी गेल्या, असे सांगण्यात येते. वस्तुतः जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी आपली एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, नागपुरात. नागपूरची हवा वऱ्हाडइतकीच कोरडी. हवेतील ओलावा राखण्याची कृत्रिम योजना करून ती गिरणी चालविण्यात आली आणि पुढे कित्येक दशके ती देशातील नाणावलेल्या गिरण्यांत गणली गेली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि बाजारपेठही जवळ, असा हिशेब त्यामागे होता. हा हिशेब नागपुरात बरोबर ठरत होता, तर अकोल्यात तो चुकीचा ठरण्याचे नैसर्गिक कारण नव्हते.

दुसरे उत्तर स्वभावाचे. काळ्या कसदार जमिनीने वऱ्हाडी माणूस सुखवस्तू आणि आळशी झाला, त्याच्या अंगी धडाडी नाही, असा हा सिद्धांत. तो प्रायः वऱ्हाडबाहेरची माणसे मांडतात आणि दुर्दैवाने वऱ्हाडातील सुशिक्षितही त्याला माना डोलावतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि भाव गगनाला भिडले, तेव्हा याच ‘आळशी’ कास्तकाराने ज्वारीचे शेत मोडून पऱ्हाटी लावली. बाजाराची हाक त्याला ऐकू येत होती. तिला प्रतिसाद देण्याची कुवतही त्याच्यात होती. परंतु त्या प्रतिसादाचे फळ त्याच्या घरात टिकले नाही.

आणखी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. मँचेस्टरच्या आसमंतात कापसाचे एक झाड उगवत नाही. १८८० च्या दशकात जपानातील ओसाका येथे आधुनिक सूतगिरण्या निघाल्या, त्या हिंदुस्थानातून हजारो मैल दूर नेलेल्या कापसावर वाढल्या, आणि त्यात वऱ्हाडचा कापूसही होता. उलट अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये जगाला कापूस पुरवीत होती, पण त्या देशातील आरंभीच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या उत्तरेकडील न्यू इंग्लंडमध्ये. तात्पर्य, कच्चा माल कोठे पिकतो यावरून उद्योग कोठे उभा राहील हे ठरत नाही. त्या मालातून निघणारे वरकड कोणाच्या हाती पडते, त्या हाताला ते कशात गुंतविणे अधिक किफायतशीर वाटते, आणि राज्यसंस्था त्याला कोणत्या दिशेने ढकलते, या तीन गोष्टींवरून ते ठरते.

वऱ्हाड जगाच्या बाजारात कसा गेला

या कसोट्या लावून वऱ्हाडचा इतिहास पाहावा. आगगाडी येण्यापूर्वीही वऱ्हाडचा कापूस बाहेर जात होता. लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून तो थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत पोचत असे. पण त्याच वेळी गावोगाव सूत निघत होते आणि विणकर कापड विणीत होते. बाळापूरचे कापड आणि अकोटच्या सतरंज्या यांचे नाव दूरवर होते. शेती आणि हातउद्योग यांची सांगड तुटलेली नव्हती.

ती सांगड आपोआप तुटली नाही. हेतुपूर्वक तोडली गेली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त नेमण्यात आला. या पदावरील रिव्हेट-कार्नॅक याने १८६० च्या दशकाअखेरच्या आपल्या अहवालात आशा व्यक्त केली की, रेल्वेची शाखा आली म्हणजे विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, गावात सुतासाठी खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्याविणण्यात गुंतलेले लोक शेतमजुरीसाठी उपलब्ध होतील. वसाहतवादाचा कार्यक्रम इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल. शाखाही आल्या. १८७० साली खामगावच्या शाखेच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद मापाची गाडी किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यवस्थापन संस्थेने उभारली. शकुंतला या नावाने सर्वांना परिचित असलेल्या त्या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीकडेच राहिली. लोहमार्गांची ही रचना ध्यानात घ्यावी. वऱ्हाडातील गावे परस्परांशी जोडणे हा तिचा हेतू नव्हता. प्रत्येक बाजारपेठ मुंबईच्या गोदीला जोडणे हा होता.

लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ या नावाचा कापूस विकला जाई. ते नाव उमरावतीवरून, म्हणजेच अमरावतीवरून पडलेले. स्वित्झर्लंडची फोल्कार्ट ब्रदर्स ही पेढी खामगावात येऊन बसली, रॅली ब्रदर्सचे हस्तक बाजारात फिरू लागले, पुढे जपानी कंपन्याही आल्या. १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित कापूसपेठ सुरू झाली आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी बाजारपेठांचा स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे शेतमालाच्या आधुनिक बाजाराची व्यवस्था देशात सर्वप्रथम ज्या भागांत आली, त्यांत वऱ्हाड अग्रभागी होता.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. वऱ्हाड मागास राहिला तो भांडवलशाही उशिरा पोचली म्हणून नव्हे. ती फार लवकर पोचली. पण ती व्यापाराच्या आणि सावकारीच्या रूपाने पोचली, कारखान्याच्या रूपाने पोचली नाही. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत, कापसाने श्रीमंत म्हणविल्या जाणाऱ्या याच प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. शेतातून ज्वारी हटली होती, पेवे रिकामी होती, आणि हाती आलेला पैसा सारा व कर्जफेड यांत गेला होता. राममनोहर लोहियांनी १९४३ च्या सुमारास मार्क्सोत्तर अर्थशास्त्राचा विचार मांडताना म्हटले होते की, भांडवलशाही आधी देशांतर्गत परिपक्व झाली आणि मग साम्राज्यवादी बनली असे नव्हे. आतले वर्तुळ आणि बाहेरचे वर्तुळ ही दोन्ही प्रारंभापासून एकत्रच वाढली. लँकेशायर हे आतले वर्तुळ आणि वऱ्हाड हे बाहेरचे.

व्यापारी भांडवल औद्योगिक का झाले नाही?

आता कोणी विचारील, मुंबईही त्याच साम्राज्याच्या टाचेखाली होती; मग तेथे १८५४ पासून गिरण्या कशा निघाल्या? मुंबईच्या व्यापाऱ्यांनी चीनशी चाललेल्या अफू आणि कापसाच्या व्यापारात, आणि पुढे यादवी युद्धाच्या तेजीत, मोठा पैसा मिळविला होता. बंदर त्यांच्या दाराशी होते. इंग्लंडमधील यंत्रे, परदेशी कोळसा, बँका आणि चीनचा सुताचा बाजार हे सारे त्यांच्या हाताच्या अंतरावर होते. मुख्य म्हणजे, युरोपीय पेढ्यांच्या स्पर्धेमुळे कापूस निर्यातीतला त्यांचा वाटा आकुंचित होत गेला, तेव्हा कारखानदारीकडे वळणे हा त्यांच्यापुढील मार्ग ठरला. १८८२ मध्ये विलायती कापडावरील आयातकर उठविण्यात आला आणि १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादण्यात आला. त्यालाही तोंड देऊन ते टिकले. हा कर उठायला १९२६ साल उजाडले.

वऱ्हाडातील व्यापारी भांडवलापुढे असा पेच कधी उभा राहिला नाही. हंगामाच्या आरंभी कास्तकाराला कर्ज द्यावे, पीक आले की ते ठरलेल्या अडतीवर आणवावे, जमीन गहाण असली तर ती यथावकाश नावावर करून घ्यावी आणि मक्त्याने पुन्हा त्यालाच कसायला द्यावी, या चक्रात नफा निश्चित होता आणि जोखीम थोडी. ज्याला व्याज, खंड आणि अडत अशा तीन वाटांनी उत्पन्न मिळते, त्याने यंत्रे, कुशल कामगार आणि कापडाच्या बाजारातील मंदी यांच्याशी झुंज का घ्यावी? व्यापारी भांडवल स्वतः होऊन उत्पादनपद्धतीत क्रांती करीत नाही, ते जुन्या पद्धतीच्या अंगावर जगते, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात दाखविले आहे; त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. येथे सावकाराची जात किंवा प्रांत सांगत बसण्यात अर्थ नाही. स्थानिक देशमुख-पाटलांच्या हाती पैसा आला तेव्हा त्यांनीही हेच केले.

गुंतवणूक झाली ती जिनिंग-प्रेसिंगमध्ये. कपाशीतून सरकी वेगळी करणे आणि रुईची गाठ बांधणे, एवढीच प्रक्रिया मालाच्या वाहतुकीसाठी अपरिहार्य होती. म्हणून एवढीच यंत्रे आली. शंभर किलो कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. उरलेल्या सरकीच्या वजनाचे रेल्वेभाडे कोण भरणार? आणि या कारखान्यांनीही परस्परांत ‘पूल’ करून दर ठरविले, काही कारखाने बंद ठेवून त्यांना नफ्यातला वाटा दिला. कारखाना न चालविता त्याचा नफा घेण्याची ही तऱ्हा व्यापारी भांडवलाच्या वृत्तीला साजेशीच होती. जीनमध्ये काम मिळाले ते वर्षाचे काही महिने, आणि तेही प्रामुख्याने गावातील भूमिहीन स्त्री-पुरुषांना. कापडगिरणी बारमाही कामगारवर्ग घडविते. जीन घडवीत नाही. त्यामुळे वऱ्हाडात मोठी कामगार-चळवळ उभी राहिली नाही, मजुरीचे दर वाढले नाहीत, आणि कापड विकत घेणारी स्थानिक बाजारपेठही रुंदावली नाही. अकोल्यात, बडनेऱ्यात, अचलपुरात काही गिरण्या निघाल्या हे खरे. पण त्या या समुद्रातील बेटांसारख्या राहिल्या.

दुसऱ्या वाटांनी गेलेले प्रदेश

तुलनेसाठी दोन प्रदेश घ्यावेत. पहिला पश्चिम महाराष्ट्राचा. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या उठावाचा परिणाम म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला आणि शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाण्याला थोडातरी आळा बसला. वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अमलाखाली. तो त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. दख्खनमध्ये दुष्काळनिवारणासाठी नीरा, गोदावरी, प्रवरा या नद्यांवर कालवे निघाले. वऱ्हाडची जमीन काळी आणि पाऊस बरा, म्हणून तेथे कालव्यांची गरज नाही असे ठरविले गेले. त्याच कालव्यांच्या पाण्यावर ऊस आला, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

येथे पिकाच्या प्रकृतीचाही वाटा आहे. तोडलेला ऊस दिवस-दोन दिवसांत गाळावा लागतो; तो मुंबईला किंवा लिव्हरपूलला नेता येत नाही. म्हणून कारखाना उसाकडे येतो आणि ऊस उत्पादकाच्या हाती सौद्याची शक्ती येते. रुईची गाठ वर्षभर गोदामात राहते आणि जगाच्या कोणत्याही टोकाला जाते. कापूस उत्पादकाला ती शक्ती निसर्गाने दिलेली नाही; ती त्याला संघटनेने आणि राज्याच्या धोरणानेच मिळवावी लागेल. साखर कारखान्यांना शासनाचे भागभांडवल, कर्जाची हमी आणि परवान्यात अग्रक्रम मिळाला. मात्र या चित्राने भारावून जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोडणी कामगाराला त्या सहकारात काय स्थान मिळाले, आणि मूठभर घराण्यांच्या हाती कारखाने कसे गेले, हे सर्वज्ञात आहे.

दुसरे उदाहरण कोइमतूरचे. तोही कोरडवाहू कापसाचाच मुलूख. पहिली गिरणी तेथे १८८८ साली निघाली, पण खरा विस्तार झाला तो १९३० च्या दशकात पायकारा प्रकल्पाची वीज आल्यावर. विहिरीवर बागायत करणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी जीन काढली, जीनमधून सूतगिरणी, आणि विहिरींच्या पंपांच्या गरजेतून ओतकामाचे व यंत्रांचे कारखाने. शेतीतील वरकड शेतकऱ्याच्याच हाती राहिले आणि ते उद्योगात गेले. वऱ्हाडात मात्र पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली तरी पाणी पिकाच्या उपयोगाचे निघत नाही. जेथे विहीर व्यर्थ, तेथे कालवा हाच आधार. आणि तोच दिला गेला नाही.

जगाकडे पाहिले तरी हीच सूत्रे आढळतात. ईजिप्तमध्ये महंमद अलीने १८२० आणि १८३० च्या दशकांत सरकारी कापडगिरण्या काढल्या. १८३८ च्या आंग्ल-तुर्की व्यापार कराराने संरक्षण काढून घेतले, त्या लयाला गेल्या आणि ईजिप्त पुन्हा निव्वळ कापूस पिकविणारा देश झाला. जपानात राज्यसंस्था स्वतंत्र होती. तिने १८९६ साली कच्च्या कापसावरील आयातकर रद्द करून आपल्या गिरण्यांना हात दिला. दक्षिण कोरिया आणि तैवान येथे १९५० च्या आसपास जमीनसुधारणा झाल्या, जमीनदाराला खंडावर जगण्याची वाट बंद झाली, आणि राज्याने कर्जाचा लगाम हाती ठेवून भांडवलाला निर्यातक्षम उद्योगाकडे वळविले. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत जमीनदारी शाबूत राहिली, म्हणून तेथील कारखानदारीला देशातच मोठा ग्राहक मिळाला नाही. तेव्हा ‘विकसनशील देश’ या एका नावाखाली सर्वांची एकच वाट आहे असे समजणे हा भ्रम होय.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर तीन उपाय झाले. तिन्हींचा प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे.

पहिला, कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासूनची अंमलबजावणी. खाजगी व्यापाऱ्याला दूर सारून राज्याने सर्व कापूस हमीभावाने घ्यावा, हे पाऊल तत्त्वतः पुरोगामी होते आणि पडत्या भावाच्या वर्षांत कास्तकाराला त्याचा आधार झाला. पण चुकारे रखडले, प्रतवारीत अन्याय झाले, बाहेरचा भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाऊ लागला, आणि तोटा साचत गेला. २००२ नंतर मक्तेदारी संपुष्टात आली. या योजनेच्या अपयशाची चर्चा करताना भ्रष्टाचारावर बोट ठेवले जाते, ते योग्यच आहे. तथापि मूलभूत दोष निराळा होता. योजना गाठीपाशी येऊन थांबली. व्यापाऱ्याच्या जागी महासंघ आला. पण रुईचे सूत आणि सुताचे कापड इतरत्रच होत राहिले.

दुसरा, राष्ट्रीयीकरण. १९७४ च्या कायद्याने अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल अशा आजारी गिरण्या सरकारने घेतल्या. मालकांनी पिळून टाकलेली यंत्रे सरकारच्या गळ्यात पडली आणि नूतनीकरणाला पैसा पुरेसा मिळाला नाही. कालांतराने दोन्ही बंद पडल्या. पुढे मुंबईची फिनले मिल अचलपूरला हलवून नवी यंत्रसामग्री बसविण्यात आली. २०२० च्या टाळेबंदीत तिचीही चाके थांबली.

तिसरा उपाय अनुशेषाचा. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे वचन होते. दांडेकर समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये असल्याचे सांगितले. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. अनुशेषाची मागणी न्याय्य आहे. विशेषतः सिंचनाबाबत तिच्यावर तडजोड नसावी. परंतु बादलीला भोक असताना केवळ पाणी ओतण्याने ती भरत नाही. प्रदेशातील वरकड कोणत्या वाटेने बाहेर जाते हा प्रश्न अनुशेषाच्या आकड्यांत येत नाही. नेतृत्वाच्या प्रश्नाचेही तेच. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. मुख्यमंत्र्याचे गाव कोणते यावरून भांडवलाची दिशा बदलत नाही. स्वतंत्र राज्याच्या मागणीचा विचार करतानाही ही गोष्ट नजरेआड होऊ नये.

आजचा प्रश्न

१९९१ नंतर बियाणे, खत आणि औषध यांचा खर्च बाजारावर सोपविला गेला; २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि पेरणीचा खर्च वाढला; कर्जाची वाट बँकेकडून पुन्हा सावकाराकडे वळली. २००६ साली पंतप्रधानांना अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. ज्या प्रांताच्या नावाने लिव्हरपूलचा बाजार चालत होता, त्या प्रांताची ही अवस्था.

आता नवे आश्वासन आले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सात मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानांत अमरावतीचा समावेश झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. शेतापासून परदेशी बाजारापर्यंतची साखळी एका ठिकाणी जोडण्याची ही कल्पना आहे. तिचे स्वागत करावे की विरोध, असा प्रश्न कार्यकर्त्यांपुढे आहे. केवळ ‘भांडवलदारांचे उद्यान’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरविणे चूक ठरेल, कारण जीन आणि अडत यांच्या पलीकडे उद्योग यावा हीच वऱ्हाडची दीडशे वर्षांची गरज आहे. पण तिच्यापुढे नुसते हात जोडून उभे राहणे ही त्याहून मोठी चूक ठरेल.

काही प्रश्न विचारले पाहिजेत आणि उत्तरे मिळेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे. तेथील गिरण्या कापूस कोणाकडून आणि कोणत्या भावाने घेणार? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले, ते गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून. त्याची झळ कास्तकाराच्या भावाला बसली. गिरणी दाराशी आली म्हणून हा विरोध मिटत नाही. तो सौम्य व्हायचा असेल तर सुताच्या आणि कापडाच्या नफ्यात कापूस उत्पादकाचा आणि कामगाराचा भाग असला पाहिजे. शासनाने सवलतीची जमीन, पाणी आणि वीज देताना ही अट घातली पाहिजे. दुसरा प्रश्न कामगारांचा. तेथे येणाऱ्या मुली-बायका कायम कामगार असतील की कंत्राटदाराच्या वहीतली नावे? कोइमतूर-तिरुपूरच्या भरभराटीची किंमत कोणी मोजली, हे विसरता येणार नाही. तिसरा प्रश्न पाण्याचा. ऊर्ध्व वर्धा धरणाचे सिंचनाचे पाणी औष्णिक विजेसाठी वळविण्यावरून याच जिल्ह्यात शेतकऱ्यांना आंदोलन करावे लागले होते. कारखाना आणि शेत यांना एकाच धरणाच्या काठी झुंजविण्याचा प्रसंग पुन्हा येता कामा नये.

सहकारी सूतगिरण्यांचा अनुभव कटू आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनेक गिरण्या पुढाऱ्याच्या सोयीने काढल्या गेल्या, खेळत्या भांडवलावाचून बंद पडल्या, आणि सभासद शेतकऱ्याला आपण मालक आहोत याची जाणीवही झाली नाही. पण त्यावरून सामूहिक मालकी अशक्य आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे रोगावरून शरीरच टाकाऊ ठरविण्यासारखे आहे. प्रवरेचा पहिला कारखाना उभा राहण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले होते. ते कष्टाचे काम वऱ्हाडात झालेले नाही.

भांडवलशाही प्रदेशाप्रदेशांत विषम वाढते, हा तिच्या वाटचालीतला अपघात नव्हे. तो तिचा नियम आहे. परंतु हा नियम कोणत्या प्रदेशावर कसा चालेल हे ललाटी लिहिलेले नसते. जमिनीचा कायदा, कालव्याची आखणी, करांचे दर आणि संघटनेची ताकद यांनी ते ठरत आलेले आहे. या चारही गोष्टी माणसांनी घडविलेल्या आहेत. यंदाच्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्याच्या बाजारात उभे राहून एवढी नोंद करावी : कापूस कोणी विकला, कोणत्या भावाने, कोणाच्या कर्जापोटी, आणि त्याची गाठ कोणत्या गावच्या गिरणीत गेली. ती नोंद हाती असेल तर नव्या वस्त्रोद्योग उद्यानाच्या दारात उभे राहून काय मागायचे, हे वऱ्हाडच्या कास्तकाराला आणि मजुराला निराळे सांगावे लागणार नाही.